रिटायर झाल्यावर दहा गुंठे स्ट्रॉबेरी: लोकांनी स्वतः तोडून खायचं शेत कसं चालवायचं

बाजारात पाठवायची स्ट्रॉबेरी पाऊण लाल झाली की तोडतात, कारण तिला पुढे पुणे-मुंबई गाठायची असते आणि पूर्ण लाल फळ पसरणी घाट उतरेपर्यंतच रस सोडायला लागतं. आता गंमत अशी की स्ट्रॉबेरी काही आंब्यासारखी आढीत पिकत नाही, तोडल्यावर रंग थोडा गडद होतो पण गोडी जेवढी तोडताना होती तेवढीच राहते, त्यामुळे शहरात राहणाऱ्या कितीतरी लोकांनी देठापर्यंत लाल झालेलं फळ आयुष्यात खाल्लेलंच नसतं. आपण विकायचं ते हेच. रोपावर पूर्ण पिकलेलं फळ, ज्याचं त्याने तोडायचं आणि तिथंच उभं राहून खायचं. गिऱ्हाईक वाफ्यातच, न धुता, फळ तोंडात टाकणार आहे हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की रोप कुठलं लावायचं, फवारणी काय करायची, वाट किती रुंद ठेवायची, पैसे कसे घ्यायचे, सगळं त्यावरून आपोआप ठरत जातं. मी खाली जे काही लिहिलंय ते सगळं ह्या एका गोष्टीवरूनच आलेलं आहे.

मी झेडपीच्या शाळेत शिकवायचे, आमचे हे एसटीच्या वर्कशॉपला होते. दोघं रिटायर झालो आणि पाचगणी-भिलारच्या पट्ट्यात सासऱ्यांच्या वाटणीची जमीन होती तिथं आलो. भाऊजी आधीपासून बाजारासाठी स्ट्रॉबेरी करतात, त्यांच्याकडे बघून शिकलो, पण लोकांना तोडायला बोलवायचं शेत हे वेगळंच काम आहे हे पहिल्याच हंगामात कळलं. आता सहावा हंगाम चालू आहे. आमच्यासारखे बरेच जण विचारतात म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवते.

किती जमीन घ्यायची

आमचं आता पक्कं मत झालंय, दोन रिटायर माणसांना दहा गुंठे पुष्कळ झाले. एकर असेल तर असू दे, बाकीच्यात घेवडा करा, गहू करा, नाहीतर वाट्याने द्या. का ते हिशोबाने सांगते. नेहमीच्या पद्धतीने एकरी २२ ते २४ हजार रोपं बसतात, म्हणजे दहा गुंठ्यात साधारण साडेपाच हजार. पण आपल्याला वाटा रुंद ठेवायच्या आहेत, त्यामुळे साडेतीन हजारच बसतात. एका रोपाला हंगामभरात पाव ते अर्धा किलो माल धरा, म्हणजे ९०० ते १७०० किलो. हंगाम डिसेंबर ते मार्च चार महिन्यांचा धरला तर सरासरी रोजचे ८ ते १४ किलो आले. ऐकायला कमी वाटतं, पण फळ काही सरासरीने येत नाही, बहर आला की एका दिवशी २५ किलो लाल होऊन बसतं आणि मधेच एखादा आठवडा काहीच नसतं. आणि लोक येणार शनिवार-रविवारी, फळ मात्र मंगळवारी पण पिकणार. दोघांच्या गुडघ्यांनी आणि कमरेने जेवढं उरकतं तेवढंच लावा. आम्ही दुसऱ्या वर्षी वीस गुंठे केले होते, जानेवारीत निम्मं फळ रोपावरच मऊ पडून गेलं आणि त्यावर जी बुरशी आली ती चांगल्या वाफ्यांत पसरली. पुढच्या वर्षी परत दहावर आलो.

वर्षाचं गणित

मदर प्लांट म्हणजे बाहेरच्या देशातून येणारी मूळ रोपं, ती जूनच्या आसपास येतात. वर महाबळेश्वरला पावसाळ्यात ५ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथं रोपवाटिका टिकत नाही, म्हणून वाई-भुईंजकडे खाली पाऊस कमी असतो तिथं मदर प्लांट लावून त्याच्या रनरपासून, म्हणजे जमिनीवर पसरणाऱ्या फुटव्यांपासून, पिशवीत रोपं करतात. आपण ती रोपं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणून लावायची. मदर प्लांट स्वतः आणायच्या भानगडीत दहा गुंठेवाल्याने पडू नये, तयार रोपं घ्यावीत, पण ऑगस्टमध्येच स्वतः जाऊन बघून बुक करावीत. एका वर्षी आम्हाला एका रोपवाटिकेतून मिसळलेली जात मिळाली, अर्धा वाफा लवकर आला, अर्धा उशिरा, आणि कुठला वाफा कधी खुला करायचा हेच ठरवता येईना. तेव्हापासून पिशवी फोडून दोन-चार रोपांची मुळं बघते, पांढरी आणि भरपूर असली तरच घ्यायची, तपकिरी किंवा कुजका वास असेल तर परत.

आता एक गोष्ट नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. इथं टुरिस्टची सगळ्यात मोठी गर्दी दिवाळीत आणि मे महिन्यात. आणि स्ट्रॉबेरी? दिवाळीत रोपं नुकती रुजलेली असतात आणि मेमध्ये फळ बारीक होऊन संपत आलेलं असतं. म्हणजे दोन्ही गर्दीत तुमच्याकडे लाल काही नाही. नाताळपासून मार्चअखेरपर्यंत, तेही मुख्यतः शनिवार-रविवार आणि २६ जानेवारीसारख्या सुट्ट्या, हाच तुमचा खरा धंदा. दिवाळीत लोक आले तर त्यांना पोकळ आश्वासन देऊ नका, रोपं दाखवा, चहा पाजा आणि सांगा की नाताळानंतर या. आमची बरीच दरवर्षीची मंडळी अशीच जोडली गेली.

जमीन आणि वाफे

माती तपासून घ्या, सामू (पीएच) साडेपाच ते साडेसहा असला की स्ट्रॉबेरी खूश. आपल्याकडची तांबडी माती निचऱ्याची असते ते बरंच आहे, पण सेंद्रिय खत भरपूर लागतं, दहा गुंठ्याला पाच ते सात टन चांगलं कुजलेलं शेणखत, कच्चं अजिबात नको, मुळं खाणारी हुमणी अळी येते. निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी शेणखतात मिसळून टाका. आधीच्या पिकात बटाटा, टोमॅटो, वांगी, मिरची असेल तर त्या तुकड्यात लगेच स्ट्रॉबेरी लावू नका, मुळांचे काही रोग ह्या सगळ्यांना सारखेच लागतात. शंका असली की राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं गहू गेरवा संशोधन केंद्र महाबळेश्वरातच आहे, नाहीतर बोरगावचं कृषी विज्ञान केंद्र आहे, रोगट रोप पिशवीत घालून घेऊन जावं, नुसता फोटो दाखवून भागत नाही.

वाफा अडीच फूट रुंद आणि सव्वा ते दीड फूट उंच. बाजारवाले एवढा उंच करत नाहीत, पण आपल्याकडे वाकणारे लोक शहरातले असतात, आजी-आजोबा असतात, आणि वर्षभर वाकणारे तर आपण स्वतः. वाट तीन फूट, म्हणजे एकजण बसून तोडत असला तरी दुसरा मागून जाऊ शकतो आणि छोटी ढकलगाडी जाते. सुरुवातीचे दोन वाफे आम्ही चार फूट वाट ठेवून केलेत, तिथं व्हीलचेअर पण जाते. शिवाय गेटजवळ लोखंडी अँगलच्या स्टँडवर कमरेच्या उंचीला शंभर-एक ग्रो बॅग ठेवल्यात कोकोपीट भरून, गुडघेदुखीवाल्यांसाठी आणि खरं सांगायचं तर उन्हाळ्याकडे माझ्यासाठी पण, त्या शंभर बॅगांचं काम उभ्या-उभ्या होतं.

वाफ्यावर इनलाइन ड्रिप, वरून चंदेरी-काळा मल्चिंग पेपर, चंदेरी बाजू वर. दोन ओळी, फुटाफुटावर, झिगझॅग. लावताना रोपाचा गाभा मातीच्या बरोबर लेव्हलला पाहिजे, खाली गाडला तर कुजतो, वर राहिला तर मुळं सुकतात, साडेतीन हजार रोपांत हेच एक काम असं आहे की मजुरांवर सोडून आत जाऊन बसू नये. वाटांमध्ये भाताचा पेंढा जाड अंथरा. पूर्वी मल्चिंग पेपर नव्हता तेव्हा झाडाखाली पण पेंढाच असायचा. आता वाटेत तरी तो पाहिजेच, चिखल होत नाही, लहान मुलं पडली तरी लागत नाही, आणि लोकांच्या बुटाला लागून माती एका वाफ्यातून दुसऱ्यात जात नाही.

पहिले तीन-चार आठवडे येणारी फुलं आणि रनर खुडून टाका, रोप आधी अंगाने भरू दे. खत ड्रिपमधून थोडं थोडं, सुरुवातीला १९:१९:१९ (आकडे नत्र, स्फुरद, पालाशचे), फुलं लागताना ०:५२:३४, फळं भरताना पोटॅशवालं, मधून मधून कॅल्शियम नायट्रेट, पण ते स्फुरदाच्या किंवा सल्फेटच्या खताबरोबर एका टाकीत कधीच मिसळू नका, साका होतो आणि ड्रिप चोकअप. नत्र जास्त झालं की पानं मोठी आणि फळ पुळचट, बाजारवाला एकवेळ चालवून घेईल, आपल्याकडे तिथंच खाऊन तोंड वाकडं करणारा माणूस समोर उभा असतो.

जात कुठली

इथं आपला आणि बाजाराचा रस्ता वेगळा होतो. बाजाराला कडक फळ लागतं, कॅमारोसासारखं, जे खोक्यात टिकतं. आपल्याला टिकण्याचं काही नाही, आपलं फळ वीस पावलं जायचंय. म्हणून आमचा निम्म्याहून जास्त भाग स्वीट चार्लीचा असतो, मऊ आहे, लवकर येते, आणि पूर्ण पिकली की तिच्या चवीला तोड नाही. उरलेल्यात विंटर डॉन, ती पण लवकर येते आणि फळ मोठं, लहान मुलांना मोठं फळ तोडल्याचा जो आनंद होतो तो बघण्यासारखा असतो. ह्या दोन्ही मूळच्या अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठाने काढलेल्या. नाभिला भाऊजींकडे असते, तिचे दोन वाफे ठेवतो, ज्यांना पुण्या-मुंबईला घेऊन जायचंय त्यांना तिकडे पाठवतो. लोकांना सांगा की ही खायची, ही न्यायची. त्यांना तो फरक जिभेवर कळला की ते घरी जाऊन दहा जणांना सांगतात.

फवारणी, सगळ्यात जपायची गोष्ट

ह्याच्यावर जास्त लिहिते कारण इथं चूक झाली तर पैसे जाणं दूरच, एखाद्याच्या लेकराच्या पोटात औषध जाईल. प्रत्येक औषधाच्या लेबलवर फवारणीनंतर किती दिवसांनी फळ तोडायचं ते दिलेलं असतं, प्रतीक्षा कालावधी म्हणतात त्याला. तो पाळायचाच, पण आपल्या शेतात तेवढंही पुरेसं नाही असं मी मानते. आमचा नियम असा, फळ लागून लाल व्हायला लागल्यापासून हंगाम संपेपर्यंत रासायनिक कीटकनाशक बंद. एखाद्या भागात अगदीच नाइलाज झाला तर तो पूर्ण ब्लॉक दोरी लावून बंद, तिथलं पुढचं फळ तोडून खड्ड्यात, आणि लेबलवरच्या दिवसांपेक्षा जास्त दिवस थांबूनच परत खुला.

मग रोग-किडीचं काय करायचं? बहुतेक काम आधीच करायचं असतं. सुरुवातीच्या वाढीच्या काळात, फुलं यायच्या आधी, जे काय करायचं ते करून घ्या. त्यानंतर मावा आणि फुलकिड्यांसाठी पिवळे-निळे चिकट सापळे, निंबोळी अर्क, व्हर्टिसिलियम लेकॅनी आणि बिव्हेरियासारख्या किडी मारणाऱ्या जैविक बुरशी, संध्याकाळी फवारायच्या, उन्हात मरतात. लाल कोळी धुळीत वाढतो, म्हणून गेटकडच्या वाटेवर रोज पाणी मारा, गाड्यांची धूळ पहिल्या दोन वाफ्यांवरच बसते. भुरी थंडीत येते, पान वाटीसारखं वर वळतं आणि खालून पांढरी भुकटी दिसते, सुरुवातीलाच पानं काढून टाका, विद्राव्य गंधक चालतं पण कडक उन्हात नको आणि निंबोळी तेल मारलं असेल तर मधे दोन आठवडे जाऊ द्या, नाहीतर पानं करपतात. आणि सगळ्यात मोठं औषध म्हणजे बादली. रोज सकाळी एक बादली घेऊन फिरायचं, मऊ पडलेलं, करडी बुरशी आलेलं, पक्ष्यांनी टोचलेलं एकूण एक फळ उचलायचं आणि शेताबाहेर पुरायचं. लोक शनिवारी शंभर फळं अर्धी खाऊन टाकून जातात, ती रविवारी सकाळी नाही उचलली तर सोमवारी बुरशीचा कारखाना तयार.

दव असताना आणि पाऊस झाल्यावर कोणालाही आत सोडू नका. ओल्या पानांमधून फिरलं की रोग हाताने आणि कपड्याने पसरतो. कितीही लांबून आलेले असू देत, ऊन पडून पानं सुकेपर्यंत बाहेर चहा द्या. वेण्णा लेक आणि लिंगमळा परिसरात डिसेंबर-जानेवारीत दवबिंदू गोठतात ते तुम्ही बातम्यांत बघितलं असेलच, टुरिस्टला ते छान वाटतं पण त्या रात्री उमललेल्या फुलाचा मधला भाग काळा पडतो आणि त्याचं फळ होत नाही. सखल जागेत शेत असेल तर क्रॉप कव्हर, म्हणजे पिकावर अंथरायचं पातळ कापड, आणून ठेवाच.

फुलावरून आठवलं, मधमाशी. फळ वाकडंतिकडं, एका बाजूने चेपलेलं आलं की समजायचं परागीभवन नीट झालं नाही. आपल्या तालुक्यात मधाचा धंदा जुना आहे, मांघर तर २०२२ पासून मधाचं गाव म्हणून ओळखलं जातं. सातेरी माश्यांच्या दोन पेट्या आम्ही बांधाला ठेवल्यात, लोकांच्या वाटेपासून लांब आणि तोंड दुसरीकडे करून. ज्याला मधमाशी चावल्यावर अंग सुजतं त्याने तिकडे जाऊ नये असा बोर्ड लावलाय, आणि मी तोंडाने पण सांगते.

शेत खुलं कसं करायचं

दहा गुंठ्याचे तीन ब्लॉक करा. आपल्याकडच्या हवेत फूल उमलल्यापासून फळ लाल व्हायला महिना लागतो, थंडी जास्त असली तर आणखी. एकदा ब्लॉक तोडून झाला की दोन-तीन दिवसांनी परत तोडायला येतो. म्हणून शनिवारी अ खुला, रविवारी ब, आणि क राखीव, सोमवारी तो आपण तोडायचा. बुधवारी तिन्हींमधलं जास्त पिकलेलं आपण आणि कामाला येणाऱ्या मावश्या मिळून काढायचं, नाहीतर शनिवारपर्यंत ते सडतं आणि लोकांच्या हाताला तेच लागतं. गुरुवार-शुक्रवारी हात लावायचा नाही, म्हणजे शनिवारी सकाळी वाफा लालचुटुक दिसतो. हे गणित बसायला आम्हाला दोन वर्षं लागली.

एका वेळेला किती माणसं? वाफ्यांत सकाळी किती फळ पूर्ण लाल आहे ते साधारण मोजा. २० किलो दिसत असेल तर त्यातलं १५ किलोच लोकांसाठी धरा. एक चौकोनी कुटुंब साधारण किलोभर घेऊन जातं आणि अर्धा किलो खातं, आम्ही आत जाताना-येताना अंदाज घेऊन बघितलंय. म्हणजे दहा कुटुंबं झाली की त्या दिवसाचं बंद. फोनवर आधी वेळ ठरवून घ्या, सकाळी आठ ते साडेअकरा आणि मग चार ते सहा. दुपारी फळ उन्हाने गरम आणि मऊ झालेलं असतं, तोडलं की रस सोडतं, गाडीत ठेवलं की घरी पोचेपर्यंत लगदा. लांबून आलेल्याला नाही म्हणणं फार जड जातं, मला अजून जातं, पण रिकाम्या वाफ्यात पाठवलेली माणसं हिरवी-पांढरी फळं तोडतात आणि पुढच्या आठवड्याचं पण नुकसान करतात.

आत सोडण्याआधी पाच मिनिटं सगळ्यांना एका रोपाजवळ बसवा आणि दाखवा. शाळेत शिकवल्याचा मला इथं फार उपयोग होतो. फळ ओढायचं नाही, फळाच्या वरचा देठ अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या नखात धरून चिमटून तोडायचा, हिरवी टोपी फळाला राहू द्यायची. पान बाजूला करून खाली बघायचं, सगळ्यात गोड फळ पानाखाली लपलेलं असतं. देठाजवळ पांढरं दिसलं तर ते उद्याचं. वाफ्यावर पाय नाही, वाटेतूनच चालायचं. टोपलीत दोन थरांपेक्षा जास्त नाही. मुलांना मी एक काम देते, प्रत्येकाने सगळ्यात आधी फक्त एकच फळ शोधायचं, पूर्ण लाल, आणि मला आणून दाखवायचं. ते एक फळ शोधण्यात त्यांची नजर बसते आणि मग ती मोठ्यांना शिकवतात.

गेटजवळ हात धुवायची जागा आणि स्वच्छ बाथरूम हे दोन खर्च सगळ्यात आधी करा, बसायच्या झोपाळ्याच्या आणि सेल्फी पॉइंटच्या आधी. शेततळं असेल तर त्याला चहूबाजूने जाळीचं कुंपण आणि कुलूप. त्या प्लास्टिकवर पाय घसरला की मोठ्या माणसाला पण वर येता येत नाही. प्रथमोपचार पेटी, जवळच्या डॉक्टरांचा नंबर, आणि एखाद्या विमा एजंटकडून येणाऱ्या लोकांच्या अपघाताचा विमा काढून घ्या.

पैसे

आम्ही माणशी थोडी प्रवेश फी घेतो, त्यात आत असेपर्यंत पोटभर खा, लहान मुलांना फ्री, आणि तोडून नेलेल्या मालाचं वजनावर वेगळं. खाल्लेल्याचं वजन आम्ही करत नाही. सुरुवातीला ह्यांना काळजी वाटायची की लोक खाऊनच संपवतील, पण पूर्ण पिकलेली स्ट्रॉबेरी दहा-पंधरा खाल्ली की माणूस आपोआप थांबतो. किलोचा भाव रस्त्यावरच्या स्टॉलपेक्षा थोडा वर ठेवा आणि आठवड्याला एकदाच बदला, सकाळी एक संध्याकाळी एक असा नको. क्यूआर कोड लावा पण सुट्टे पैसे पण ठेवा, आमच्याकडे रेंज कधी जाईल सांगता येत नाही.

आता रिटायर माणसांसाठी खास. ग्रॅच्युइटी आणि फंडाची रक्कम ह्यात घालू नका, मी अगदी हात जोडून सांगते. पहिल्या वर्षी ड्रिप, मल्चिंग, रोपं, खत, बाथरूम एवढाच खर्च, आणि तो घरखर्चाच्या बाहेरच्या शिल्लकीतून झेपेल एवढाच असू द्या. एखाद्या वर्षी जानेवारीत अवकाळी पाऊस झाला की महिनाभराची फुलं-फळं जातात, तेव्हा पेन्शन हातात असली पाहिजे. महिन्याला १० हजार किंवा त्याहून जास्त पेन्शन असेल तर पीएम किसानचा हप्ता मिळत नाही, चतुर्थ श्रेणीतून रिटायर झालेल्यांना मात्र ही अट नाही, त्यामुळे फॉर्म भरण्याआधी बघून घ्या, नंतर वसुलीची नोटीस येते. आयकराचं पण समजून घ्या, शेतात पिकवलेलं फळ विकलं ते शेतीउत्पन्न, पण प्रवेश फी, जेवण, राहायची सोय हे त्यात धरत नाहीत, म्हणून दोन वह्या वेगळ्या ठेवा आणि सीएला दाखवा.

कागद थोडक्यात. सातबाऱ्यावर नाव, ई-पीक पाहणीत दरवर्षी स्ट्रॉबेरीची नोंद, आणि राज्याचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण आहे त्याखाली पर्यटन विभागाकडे नोंदणी. आणि कृपा करून बांधकामाच्या मागे लागू नका. महाबळेश्वर-पाचगणी भाग १७ जानेवारी २००१ पासून इको-सेन्सिटिव्ह झोन आहे, दोन खोल्या काढून भाड्याने देऊ म्हणून सुरू केलेलं काम पाडायची वेळ आलेले लोक आम्ही जवळून बघितलेत. पत्र्याची शेड करायची असली तरी आधी विचारून. महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, लेबलवर ते नाव आणि खूण लावायची असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवून घ्या.

उरलेल्या फळाचं काय, तर बुधवारचा माल आम्ही टोप्या काढून, धुऊन, पसरून फ्रीझ करतो आणि सवडीने जॅम करतो. जॅम विकायचा असेल तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षेची, नोंदणी लागतेच, घरगुती असलं तरी. आमच्या सूनबाईंनी रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे गोडी ब्रिक्समध्ये मोजायचं यंत्र, आणून दिलाय, जॅम ६५ ब्रिक्सच्या खाली उतरवायचा नाही, त्याच्या खाली राहिला तर बुरशी धरतो. तेच यंत्र मी सकाळी वाफ्यात फळ पिळून पण लावते, आकडा कमी आला की त्या ब्लॉकचं पाणी थोडं कमी करते.

प्राणी

गवे एका रात्रीत चार वाफे तुडवतात, रानडुकरं उकरतात, माकडं मात्र दिवसाढवळ्या नेमकं पिकलेलंच नेतात. सौर कुंपण मंजूर कंपनीचंच लावा, मेन लाइनचा करंट तारेला कधीच सोडू नका, माणूस जातो त्याने. गव्याचं नुकसान झालं तर वनखात्याला लगेच कळवून पंचनामा करून घ्या, उशीर झाला की भरपाई अडकते. बांधाला करवंदाच्या जाळ्या असतील तर तोडू नका. आमच्या सासऱ्यांनी राखल्या होत्या, तेवढ्या बाजूने आजपर्यंत डुक्कर आलं नाही, आणि पुढे सांगते त्याचा आणखी एक उपयोग आहे.

घरातलं

कोण काय करणार ते कागदावर लिहा. आमच्यात पाणी, मोटर, ड्रिप, कुंपण ह्यांच्याकडे, लोकांना घेणं, शिकवणं आणि हिशोब माझ्याकडे, रोपं आणि खताचा सल्ला भाऊजींचा, फोनवरचं बुकिंग सूनबाई पुण्यातून बघतात, आणि जाऊबाई गर्दीच्या दिवशी वजनकाट्यावर. तोडायला आणि साफसफाईला गावातल्या तीन मावश्या आहेत, त्यांना हंगामभराचं काम पक्कं दिलंय, लोक आले नाहीत म्हणून त्यांचा दिवस कापत नाही, कारण फळ कुठल्या रोपाचं उद्या पिकणार हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. मंगळवारी शेत बंद म्हणजे बंद, त्या दिवशी ह्यांची बीपीची तपासणी, बँक, आणि दुपारची झोप. मुलांना आणि नातवंडांना सुट्टीला बोलवा पण राबवायला नाही, त्यांना त्यांचा एक वाफा द्या. आमच्या नातीचा सातवा वाफा आहे, त्यातलं फळ ती म्हणेल तेव्हाच तुटतं आणि म्हणूनच ती येते.

मार्चनंतर

मार्च संपता संपता स्ट्रॉबेरी बारीक होते. तेव्हा तुती पिकायला लागते. बांधाला वीस-पंचवीस तुती लावा, उंची सहा फुटांच्या आतच ठेवा म्हणजे लहानांच्या हाताला येतात, आणि पांढरे कपडे घालून आलेल्यांना आधीच सांगा. रासबेरी आणि गुजबेरीची एक-एक ओळ पुरते, ती चाखायला. आणि मेमध्ये, जेव्हा टुरिस्टची खरी झुंबड असते आणि वाफे रिकामे असतात, तेव्हा बांधावरची करवंदं काळी झालेली असतात. पहिली दोन वर्षं आम्ही त्याकडे बघितलंच नाही. आता मेमध्ये लोकांना पळसाच्या पानाचा द्रोण देतो आणि जाळीकडे पाठवतो, चीक कपड्याला लागू देऊ नका आणि काटे बघून हात घाला एवढं सांगून. ज्या आजी-आजोबांनी लहानपणी करवंदं खाल्लीत ते नातवंडांना तिथं ओढत नेतात, आणि त्यांना शिकवायला मी लागतच नाही.

पंधरा मेच्या आत रोपं उपटून गावाबाहेरच्या खड्ड्यात कुजवायला टाका, ड्रिपच्या नळ्या आम्लाच्या पाण्याने धुऊन गुंडाळून शेडमध्ये, मल्चिंग पेपर एक तुकडाही मातीत न ठेवता गोळा करून भंगारवाल्याला, जाळू नका. तुतीची छाटणी करून घ्या. पहिल्या पावसाला रिकाम्या जागेत ताग पेरा, फुलावर यायच्या आधी गाडा, आणि ऑगस्टमध्ये परत रोपवाटिकेत मुळं बघायला जायचं.